ऑनलाइन शासकीय सेवा : लोकांचा स्वीकार आणि लोकांचे समाधान
(मुलचेरा तालुक्याच्या संदर्भात एक अभ्यास)

शासनाचा कारभार कागदावरून संगणकावर आला, ही गेल्या पंचवीस वर्षांतील फार मोठी घटना आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र, सातबारा, शिष्यवृत्ती अशा बहुतेक कामांचा अर्ज आज संगणकावरूनच भरावा लागतो. किती अर्ज आले आणि किती निकाली निघाले, याचे मोठमोठे आकडे वेळोवेळी जाहीर होतात. त्यावरून लोकांनी ही पद्धत स्वीकारली आहे आणि लोक समाधानी आहेत, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष कितपत बरोबर आहे, आणि गोरगरीब माणसाच्या पदरात खरोखर काय पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. हा विचार हवेत राहू नये म्हणून आम्ही मुलचेरा तालुका डोळ्यांसमोर ठेवला आहे.

१. तालुका आणि त्याची माणसे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. आज या जिल्ह्यात बारा तालुके आहेत व मुलचेरा हा त्यांपैकी एक. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ असून क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. म्हणजे माणसे थोडी, जंगल दाट आणि गावे दूरदूर. जिल्ह्यातील साक्षरतेचे प्रमाण त्यावेळी सुमारे ७४ टक्के होते.

मुलचेरा तालुक्याचे वैशिष्ट्य असे की येथे एकाच बाजारात चार-पाच भाषा ऐकू येतात. गोंड व माडिया आदिवासी बांधव आहेत, मराठी बोलणारे बौद्ध व इतर समाज आहेत, तेलुगू जाणणारी कुटुंबे आहेत. शिवाय पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली बांधवांच्या सुंदरनगर, विवेकानंदपूर यांसारख्या वसाहती आहेत. बहुतेकांचे पोट धानाची शेती, मजुरी, तेंदूपत्ता आणि मोहफूल यांवर चालते. अशा ठिकाणी एखादी ऑनलाइन सेवा यशस्वी झाली तर ती कोठेही यशस्वी होईल. म्हणूनच तिची खरी परीक्षा मुंबई-पुण्यात होत नाही, ती येथे होते.

२. ही पद्धत कशी आली?

ग्रामीण भागात संगणकाद्वारे सेवा देण्याचा देशातील एक आरंभीचा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात सुमारे ७० गावांत संगणक बसवून 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू करण्यात आला. अनेक प्रकारची माहिती त्यातून मिळावी असा हेतू होता. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्याचा उपयोग मुख्यतः उसाचे वजन, खत आणि हिशेब एवढ्यासाठीच केला. पुढे काही गावांत हीच कामे मोबाईलच्या संदेशाने होऊ लागली. यातून एक धडा मिळतो. लोक यंत्र स्वीकारीत नाहीत, लोक आपले काम करून देणारी सोय स्वीकारतात.

त्यानंतर राज्यात सेतू केंद्रे आली. २००६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजना मंजूर केली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिली आधार क्रमांकपत्रे देण्यात आली. पुढे ग्रामपंचायतींमध्ये संगणक केंद्रे आली व आज ती 'आपले सरकार सेवा केंद्र' या नावाने ओळखली जातात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि त्यासाठी तलाठी कार्यालयात चकरा मारणे पुष्कळ कमी झाले. हे चांगलेच झाले, आणि जे चांगले झाले त्याला चांगले म्हटलेच पाहिजे.

३. स्वीकार की सक्ती?

माणूस नवे तंत्र का स्वीकारतो, यावर फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये मांडलेला सिद्धान्त प्रसिद्ध आहे. त्याच्या मते दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, हे तंत्र आपल्या उपयोगाचे आहे असे माणसाला वाटले पाहिजे. दुसरी, ते वापरणे सोपे आहे असे वाटले पाहिजे. हा विचार योग्यच आहे. परंतु त्यात माणसाला निवड करण्याची मोकळीक आहे असे गृहीत धरलेले असते. जेथे कागदावरचा अर्ज घेणेच बंद झाले आहे, तेथे ऑनलाइन अर्जांची संख्या वाढली म्हणजे स्वीकार वाढला असे म्हणता येत नाही. नदीवर एकच नाव असेल तर सगळे तिच्यातच बसणार. नावेत गर्दी आहे, म्हणजे नाव चांगली आहे, असे नव्हे.

याची उदाहरणे महाराष्ट्राने पाहिली आहेत. २०१७ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या शेतकरी कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज सक्तीचा करण्यात आला. शेतकरी दिवसदिवस केंद्रांपुढे रांगेत उभे राहिले, आणि पुढे माहितीच्या जुळणीतच पुष्कळ काळ गेला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत मात्र अर्जच ठेवला नाही. बँकांकडील माहितीवरून याद्या लावल्या गेल्या आणि शेतकऱ्याला फक्त आधार पडताळणीसाठी जावे लागले. राज्य तेच, शेतकरी तेच, संगणकही तेच. फरक एवढाच की शासनाजवळ असलेली माहिती शेतकऱ्याकडे पुन्हा मागितली गेली नाही.

असेच विद्यार्थ्यांच्या बाबतीत घडले. २०१७-१८ च्या शैक्षणिक वर्षात शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल आले, पण तांत्रिक अडचणींमुळे त्या वर्षी अर्जांसाठी पुन्हा जुन्या पद्धतीचा आधार घ्यावा लागला. २०२४ च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या वेळी अधिवास व उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रांवर झुंबड उडाली. तेव्हा शासनाने अट सैल केली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असल्यास उत्पन्नाच्या दाखल्याची गरज उरली नाही, आणि अधिवास प्रमाणपत्राऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालू लागला. अट सैल होताच गर्दीही ओसरू शकते. म्हणजे संगणकाचा वेग वाढविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कागदांची मागणी कमी करणे महत्त्वाचे आहे.

४. काम अडते कोठे?

मुलचेरासारख्या तालुक्यात काम अडण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) नावाचा घोळ. संगणकाला 'मंडल' आणि 'मोंडल', 'बिस्वास' आणि 'विश्वास', 'आत्राम' आणि 'अत्राम' ही वेगवेगळी माणसे वाटतात. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि बँकेत तिसरे असे स्पेलिंग असले की अर्ज परत येतो. कारकून माणसाकडे पाहून समजून घेऊ शकत होता, संगणक समजून घेत नाही.

(आ) जुना पुरावा. जातीच्या प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा व अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. हा पुरावा कोतवाल बुकात, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, अधिकार अभिलेखात असतो. अर्ज ऑनलाइन झाला, परंतु त्याचा पाया अजून जुन्या, फाटक्या कागदावरच उभा आहे. ज्या आदिवासी आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्या नातवाला तो कागद कोठून मिळावा?

आपल्या समाजाच्या बाबतीत हा प्रश्न आणखी वेगळा आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूर येथे, म्हणजे तेव्हाच्या चांद्यास, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा सोहळा झाला. आजचा गडचिरोली जिल्हा त्यावेळी चांदा जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे अनेक घरांत आजोबांच्या कागदावर 'महार', वडिलांच्या कागदावर 'बौद्ध' आणि मुलाच्या दाखल्यावर काही तिसरेच, अशी स्थिती आढळते. बौद्ध धम्मातील अनुसूचित जातीच्या व्यक्तींना १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींच्या यादीत मान्यता मिळाली, म्हणून हक्काविषयी शंका नाही. परंतु तीन पिढ्यांचे कागद जोडून दाखविण्याचे काम अर्जदारालाच करावे लागते.

(इ) कायद्यातच नसलेली गोष्ट. बंगाली वसाहतींतील नमशूद्र बांधव पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्राच्या यादीत मात्र ती जात नाही. संगणकाच्या पडद्यावर त्यांच्या जातीचे नावच येत नाही, मग दाखला कसा निघणार? हा प्रश्न पोर्टल सुधारून सुटणारा नाही, तो संसदेतच सुटू शकतो. परंतु सामान्य माणसाला वाटते की केंद्रचालकाने आपले काम केले नाही. दोष कोठे आहे हे कळणे, हीसुद्धा एक सेवाच आहे.

(ई) भाषा. 'आपले सरकार' पोर्टल मराठी व इंग्रजीत आहे. गोंडी, माडिया किंवा बंगाली बोलणाऱ्या आजीला त्यातील मराठीही परकीच.

(उ) हंगाम. शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश जून-जुलैमध्ये. धानाची रोवणीही तेव्हाच. नाल्यांना पूर येतो तोही तेव्हाच, आणि वीज व नेटवर्क जाते तेही तेव्हाच. ज्या दिवसांत दाखल्याची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवसांत दाखला काढणे सर्वांत कठीण. एक चक्कर वाया गेली की एका दिवसाची मजुरी बुडाली.

(ऊ) मोबाईल कोणाच्या हातात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के, तर पुरुषांचे सुमारे ६१ टक्के होते. ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाईलवर येतो. त्यामुळे सेवा बाईच्या नावाची असली तरी किल्ली दुसऱ्याच्या हाती राहते.

येथे केंद्रचालकांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. तेही बहुधा आपल्यातीलच बेरोजगार तरुण असतात. वीज, कागद, इंटरनेट यांचा खर्च करून ते बसतात आणि सर्व्हर बंद पडला की लोकांची बोलणी खातात. नियमबाह्य पैसे घेणाऱ्याची तक्रार जरूर करावी. परंतु प्रामाणिकपणे काम करणारा केंद्रचालक हा दुर्गम भागात शासनाचा एकमेव चेहरा असतो, हे विसरू नये.

५. कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा २८ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. या कायद्याने दाखला ही साहेबांची मेहेरबानी राहिली नाही, तो नागरिकाचा हक्क झाला. त्यातील मुख्य गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्यात :

१) प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी मुदत व ती देणारा पदनिर्देशित अधिकारी ठरवून दिलेला असतो. उदाहरणार्थ, उत्पन्नाच्या व अधिवासाच्या दाखल्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे.
२) अर्ज दिल्यावर अर्ज क्रमांकासह पोच मिळालीच पाहिजे.
३) अर्ज नाकारल्यास त्याची कारणे लेखी द्यावी लागतात.
४) मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते. तेथेही न्याय न मिळाल्यास दुसरे अपील, आणि त्यानंतर ६० दिवसांच्या आत राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते.
५) योग्य कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

या सर्वांचे मूळ दुसऱ्या कलमात, म्हणजे पोचपावतीत आहे. मुदत मोजायची ती पोच मिळालेल्या तारखेपासून. पोच नसेल तर मुदत नाही, मुदत नसेल तर अपील नाही, आणि अपील नसेल तर हक्क कागदावरच. आमच्या पाहण्यात असे येते की पुष्कळ लोक पैसे व कागद केंद्रात देऊन 'आठ दिवसांनी या' एवढ्या शब्दावर घरी परततात. अर्ज प्रत्यक्ष कधी भरला गेला, हे त्यांना ठाऊकच नसते. प्रवेशाची शेवटची तारीख निघून जाते, मुलाचे वर्ष वाया जाते, आणि दोष कोणाचा हे शेवटपर्यंत कळत नाही. शासनाच्या नोंदीत मात्र तो अर्ज वेळेत निकाली निघालेला असू शकतो, कारण नोंद सुरू झाली ती अर्ज भरल्यापासून, माणूस दारात आल्यापासून नव्हे.

६. समाधान कसे मोजावे?

अर्जदाराला 'समाधानी आहात काय?' असे विचारले तर दाखला हाती पडलेला गरीब माणूस 'हो' म्हणतो. पूर्वी चार महिने लागत होते, आता दोन लागले, यातच त्याला आनंद असतो. समाधान अपेक्षेवर अवलंबून असते, आणि ज्याची अपेक्षाच कमी ठेवली गेली तो थोडक्यात समाधान मानतो. म्हणून आमच्या मते पुढील पाच प्रश्न विचारले तरच खरे उत्तर मिळेल :

१) कामासाठी किती चकरा झाल्या आणि किती दिवसांची मजुरी बुडाली?
२) पोच कोणत्या तारखेची, आणि दाखला कोणत्या तारखेस मिळाला?
३) फलकावरील शुल्कापेक्षा जास्त पैसे लागले काय?
४) अर्ज परत आला असल्यास कारण लेखी व समजेल अशा भाषेत मिळाले काय?
५) ज्या कामासाठी दाखला काढला, ते काम वेळेत झाले काय?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रवेशाची तारीख उलटल्यानंतर मिळालेला दाखला आकडेवारीत 'सेवा दिली' म्हणून मोजला जातो, पण त्या मुलाच्या आयुष्यात तो मोजला जात नाही.

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-शासन पाहणीत डेन्मार्क पहिल्या क्रमांकावर आहे. त्या देशाने १ नोव्हेंबर २०१४ पासून नागरिकांना शासकीय पत्रव्यवहार डिजिटल पद्धतीने घेणे बंधनकारक केले, परंतु ज्यांना ते जमत नाही त्यांना कागदी पत्रे मिळण्याची सूटही ठेवली. इतका पुढारलेला देश दुसरा दरवाजा उघडा ठेवतो, तर आपण तो बंद का करावा?

आपल्या जिल्ह्यातही असा दुसरा दरवाजा उघडण्याचे प्रयत्न झाले आहेत. गडचिरोली पोलीस दलाने सुरू केलेली 'पोलीस दादालोरा खिडकी' ही दुर्गम भागातील पोलीस ठाण्यांत व मदत केंद्रांत दाखले व योजनांसाठी लोकांना मदत करते. २०२३ मध्ये 'शासन आपल्या दारी' या उपक्रमाखाली राज्यभर शिबिरे झाली. दोहोंतून एकच गोष्ट सिद्ध होते. यंत्राच्या शेजारी समजावून सांगणारे माणूस बसले की लोक यंत्राला भीत नाहीत.

७. आपण काय करावे?

शासनाने काय करावे हे सांगणे सोपे आहे. परंतु समाजसंस्थांनी स्वतः काय करावे, याचाही विचार झाला पाहिजे. आमच्या सूचना अशा :

पहिली, गावातील विहारात किंवा समाजमंदिरात आठवड्यातून एक दिवस शिकलेल्या मुला-मुलींनी दोन तास बसावे. अर्जापूर्वी कागद तपासून नावातील फरक आधीच दुरुस्त करून घ्यावेत. निम्मे अर्ज येथेच वाचतील.

दुसरी, एक साधी वही ठेवावी. अर्जदाराचे नाव, सेवा, पोच क्रमांक, पोचेची तारीख, मुदतीची शेवटची तारीख आणि दाखला मिळाल्याची तारीख, एवढे सहा रकाने पुरेत. वर्षाअखेर ही वही तहसीलदारांपुढे ठेवली तर ती कोणत्याही भाषणापेक्षा जास्त बोलेल. मात्र कोणाचा आधार क्रमांक, पासवर्ड किंवा ओटीपी वहीत लिहू नये व कोणाला सांगू नये.

तिसरी, दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे दाखले जूनची वाट न पाहता हिवाळ्यातच काढून घ्यावेत. धानाची कापणी-मळणी उरकलेली असते, रस्ते मोकळे असतात आणि केंद्रांवर गर्दी नसते. मात्र उत्पन्नाच्या दाखल्यावरील आर्थिक वर्ष व मुदत पाहून घ्यावी. जातीच्या प्रमाणपत्राला मात्र जितक्या लवकर हात घालावा तितके बरे.

चौथी, घरातील जुने कागद, मग ते कोतवाल बुकाची नक्कल असो की आजोबांचा शाळेचा दाखला, उधईच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. त्यांच्या प्रती काढून भाऊबंदांत वाटाव्यात. एका घरात सापडलेला पुरावा दहा घरांच्या मुलांना उपयोगी पडतो.

पाचवी, ही मदत जात, धर्म वा भाषा न पाहता द्यावी. विहारात बसलेल्या मुलीने माडिया आजीचा अर्ज तपासला आणि बंगाली वसाहतीतील मुलाने आपल्याला संगणक शिकविला, तर तालुक्याचे भले होण्यास वेळ लागणार नाही.

ऑनलाइन सेवा ही चांगली गोष्ट आहे. तिच्यामुळे टेबलाखालचे व्यवहार घटण्यास मदत होते आणि कामाची तारीख नोंदली जाते. परंतु तिचा स्वीकार खरा तेव्हाच म्हणावा, जेव्हा लगाम, गोमणी किंवा आंबटपल्लीच्या मजूर बाईला आपला अर्ज कोठे आहे हे कोणाच्या पाया न पडता कळेल. तोपर्यंत आपल्या हाती असलेले साधन लहान आहे, पण पक्के आहे. समाजबांधवांनी व भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे की अर्ज दिला, तर पोच घेतल्याशिवाय केंद्राची पायरी उतरायची नाही.